सभेची तारीख आणि परीक्षेची तारीख

आमच्या ग्रामपंचायतीची मासिक सभा सकाळी अकराला असायची. देवगड तालुक्यातल्या आमच्या गावातून निघणारी वस्तीची एसटी सकाळी सहाला सुटायची, दीड तासाने मला कॉलेजच्या गावी सोडायची आणि परतीची गाडी संध्याकाळशिवाय नसायची. म्हणजे सभेच्या दिवशी कॉलेज नाही आणि कॉलेजच्या दिवशी सभा नाही. तेविसाव्या वर्षी महिलांसाठी राखीव असलेल्या प्रभागातून मी सदस्य म्हणून निवडून आले, तेव्हा अर्थशास्त्राच्या एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. कॉलेजात मला सांगितलं गेलं, ‘एक काहीतरी धर.’ गावातही तेच सांगितलं गेलं, फक्त कुठलं धरायचं याबद्दल दोन्हीकडे एकमत नव्हतं.

आता मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. दर निवडणुकीच्या आधी एखादी माजी विद्यार्थिनी किंवा विद्यार्थी घरी येतो आणि विचारतो, अर्ज भरू का, शिक्षण चालू आहे. हा प्रश्न घरगुती वाटतो, सल्ला देऊन मिटवण्यासारखा. माझ्या मते तो सार्वजनिक प्रश्न आहे. शिकणाऱ्या माणसाला गावच्या पंचायतीत जागा आहे की नाही, हे त्याच्या एकट्याच्या चिकाटीवर सोडून देणं चूक आहे. आणि या दोन कामांपैकी एकाला वाकावंच लागणार असेल, तर कोणी वाकायचं याचं माझं उत्तर ठरलेलं आहे. सभेची तारीख गावाची आहे, ती वाकवू नये. परीक्षेची, हजेरीची, प्रबंधाची तारीख विद्यापीठाची आहे, ती वाकू शकते आणि तिने वाकायला हवं.

हा प्रश्न कोकणात जास्त टोचतो, त्याला कारण आहे. कोकण विभागीय मंडळ सुरू झाल्यापासून दहावी-बारावीच्या निकालात आमचा विभाग राज्यात सतत पहिला येतो. २०२४ साली दहावीचा निकाल ९९.०१ टक्के होता. पेपरात फोटो येतात, वाडीवाडीत पेढे वाटले जातात आणि जूनमध्ये पोरं मुंबई, पुणे, कोल्हापूरच्या गाडीत बसतात. २००१ ते २०११ या दशकात सगळ्या महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरीची सुमारे १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली, सिंधुदुर्गाची ८.६९ लाखांवरून ८.५० लाखांवर. त्याच जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. स्त्रियांची संख्या जास्त दिसते ती पुरुष चाकरीला गेले म्हणून. गावचे मोठे निर्णय गणपतीत आणि शिमग्याला घेतले जातात, कारण तेव्हा चाकरमानी घरी असतात. बाकी दहा-अकरा महिने गाव चालवायचं ते म्हातारी माणसं, बायका आणि जे काही थोडे तरुण थांबलेत त्यांनी.

‘आधी शिकून घे, मग राजकारण कर’ हा सल्ला इथे वेगळा वाजतो तो यामुळे. घाटावरच्या एखाद्या मोठ्या गावात त्या ‘मग’ला अर्थ असेल. आमच्याकडे तो ‘मग’ डोंबिवलीत किंवा विरारमध्ये उजाडतो. शिकून घेतलेला माणूस गावी येतो तो मे महिन्यात आंबे खायला. त्याला दोष देण्याचं मला कारण नाही, माझी दोन्ही भावंडं तशीच आहेत. पण शिक्षण पूर्ण करून आलेल्यांनीच पंचायतीत बसावं असं ठरवलं, तर कोकणातल्या पंचायतींत शिकलेलं माणूस सापडणं कठीण आहे.

दुसरी गोष्ट आरक्षणाची. संविधानाने पंचायतीची निवडणूक लढवायला २१ वर्षं पुरेशी मानली आहेत, विधानसभेसारखी २५ नाहीत. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये महिलांचा वाटा निम्म्यावर नेला. या निम्म्या जागा फिरत्या असतात. आज माझा प्रभाग महिलेसाठी राखीव आहे, पुढच्या वेळी नसेल. सरपंचपदाची तर तालुक्यात सोडत निघते. बाविशीतल्या मुलीच्या वाडीत चिठ्ठी यंदा निघाली तर ती यंदाच निघाली, पुन्हा कधी निघेल ते सांगता येत नाही. ही पाच वर्षं म्हणजे तिची पदव्युत्तर शिक्षणाची, बी.एड.ची, कायद्याच्या पदवीची पाच वर्षं. तिला ‘पद आहे तोवर शिक्षण थांबव’ असं सांगणारे लोक भले असतात, पण त्या पाच वर्षांत तिचं लग्न होतं, घर बदलतं, आणि थांबवलेलं शिक्षण पुन्हा सुरू झालेलं मी फार थोड्या जणींच्या बाबतीत पाहिलं.

आणि थांबवून तिने जगायचं कशावर? सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने सरपंचांचं मानधन दुप्पट केलं, ते चांगलंच केलं. तरी २,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाच्या सरपंचाला ३,००० चे ६,००० रुपये महिना झाले, उपसरपंचाला १,००० चे २,०००. कोकणातली बहुतेक गावं याच पहिल्या गटात बसतात. साध्या सदस्याला मानधन नाही, सभेचा भत्ता मिळतो. पाच वर्षांनी मुदत संपते आणि हातात सत्काराची शाल आणि नारळ उरतो. त्या वेळी पदवी हातात नसेल तर तिशीला टेकलेल्या त्या माणसाने कुठे जायचं, याचा विचार गाव करत नाही, पक्षही करत नाहीत. कंत्राटदाराच्या मागे फिरणारे तरुण माजी सदस्य आपण सगळेच ओळखतो. त्यांतल्या काहींचं शिक्षण पंचायतीत असतानाच सुटलं होतं.

आता मी सभेची तारीख वाकवू नये असं का म्हणते ते सांगते. यात माझीच चूक आहे, आणि ती मी आजवर लेखी कबूल केलेली नव्हती.

माझ्या प्रभागात खाडीच्या कडेची गाबितवाडी येते. तिथे नळयोजनेची पाइपलाइन पोचलेली नव्हती. तीनशे मीटरचा तुकडा राहिला होता. तेवढ्यासाठी त्या वाडीतल्या बायका एप्रिल-मेमध्ये वरच्या विहिरीवरून कळश्या आणायच्या. जुलैच्या मासिक सभेत मी भांडून तो तुकडा मंजूर करून घेतला, ठराव झाला. ऑगस्टच्या सभेच्या दिवशी कॉलेजात अंतर्गत चाचणी होती. मागच्या सत्रात माझी हजेरी कमी पडली होती, चाचणी चुकवली असती तर फॉर्मच अडला असता. मी चाचणीला गेले. आठ दिवसांनी पंचायतीचा शिपाई प्रोसिडिंग बुक घेऊन घरी आला, ‘ताई, तुमची तेवढी सही राहिली.’ मी भात लावणीच्या गडबडीत होते, अंगण चिखलाने भरलेलं होतं. पान वाचलं नाही. सही केली.

त्या पानावर जुलैचा ठराव बदललेला होता. तीनशे मीटर पाइपाचे पैसे देवळाकडे जाणाऱ्या पाखाडीच्या दुरुस्तीला वळवले होते, आणि खाली हजर सदस्यांत माझं नाव आणि माझी सही. पुढल्या मार्चमध्ये गाबितवाडीतल्या एका आजीने मला विहिरीवर गाठलं. तिने त्या पानाची प्रत मिळवली होती. ‘ही सही तुझीच मां गो, चेडवा?’ एवढंच तिने विचारलं. मी हो म्हटलं. पाइप त्याच्या पुढच्या वर्षी पडला. मधला एक अख्खा उन्हाळा त्या वाडीने कळश्या वाहिल्या, तो माझ्या चाचणीपायी आणि त्याहून जास्त माझ्या न वाचता केलेल्या सहीपायी.

तेव्हापासून ‘सभा म्हणजे काय, एक दिवस नाही गेलं तर काय बिघडतं’ असं कोणी म्हटलं की मला बोलावंच लागतं. पंचायतीचा ठराव ही दिसायला चार ओळींची गोष्ट. पण आमच्या किनाऱ्याच्याच इतिहासात एका स्थानिक संस्थेचा ठराव किती वजनाचा असू शकतो याचं उदाहरण महाडला आहे. सीताराम केशव म्हणजेच एस. के. बोले यांनी १९२३ मध्ये मुंबई कायदे मंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव आणला, आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला म्हणून २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांना हजारोंसह तळ्यावर जाऊन पाणी प्यावं लागलं. त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने तो १९२४ चा ठराव मागे घेतला. पुढची लढाई कोर्टात गेली आणि १९३७ पर्यंत चालली. एका सभेत केलेलं दुसऱ्या सभेत पुसलं जातं. त्या दुसऱ्या दिवशी खोलीत कोण बसलं होतं आणि कोण नव्हतं, यावर एखाद्या वाडीचं पाणी ठरतं. गाबितवाडीची गोष्ट महाडच्या शेजारी ठेवण्याएवढी मोठी नाही हे मला कळतं. पण यंत्रणा तीच आहे, हातही तसेच वर होतात.

म्हणून विद्यार्थी सदस्याला सभेतून सूट द्या, अशी मागणी मी करणार नाही. कोणी केली तर विरोध करीन.

कायद्यात रजेची सोय आहेच. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४० प्रमाणे सदस्य परवानगीशिवाय सलग चार महिने गावाबाहेर राहिला किंवा सलग सहा महिने सभांना आला नाही, तर त्याचं पद जातं. सरपंच सलग पंधरा दिवसांहून जास्त गावाबाहेर असेल तर त्याची कामं उपसरपंच पाहू शकतो. एखाद्या परीक्षेच्या महिन्याला ही सोय पुरेशी आहे. पण याच तरतुदींच्या आडोशाने काय चालतं तेही सांगायला हवं. तीन-साडेतीन महिने मुंबईत राहायचं, चौथ्या महिन्यात येऊन एका सभेला बसायचं, आणि पुन्हा जायचं. शिक्षणाचं नाव पुढे केलं की कोणी फार बोलत नाही. पुण्यात पूर्णवेळ शिक्षण घेणारा आणि कोकणातलं सदस्यपद न सोडणारा तरुण हा विद्यार्थी म्हणून कितीही हुशार असो, वाडीचा प्रतिनिधी म्हणून तो तिथे नाही. त्याने राजीनामा द्यावा. रजेचा अर्जही आज पंचायतीसमोरच येतो, म्हणजे सहकारी सहकाऱ्याला रजा देतात, आणि उद्या आपल्यालाही लागेल म्हणून कोणी नाही म्हणत नाही. लांबची रजा असेल तर ती ग्रामसभेपुढे मांडायला लावली पाहिजे. ज्यांनी मत दिलं त्यांच्यासमोर उभं राहून ‘मला तीन महिने अभ्यासाला हवेत’ असं सांगता येत असेल तर घ्यावेत.

सरपंचाच्या बाबतीत यात आणखी एक धोका आहे. आता पंचायतीचे पैसे ऑनलाइन जातात, आणि त्यासाठी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या दोघांची डिजिटल सही लागते. ही सही एका डोंगलमध्ये, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या छोट्या उपकरणात असते. सरपंच बाई परीक्षेला गेल्या की डोंगल कपाटात राहतं, पासवर्ड कोणाला तरी ठाऊक असतो, आणि त्यांच्या पाठीमागे त्यांच्याच सहीने बिलं निघतात. नवऱ्याच्या खिशात डोंगल असण्याचे प्रकार तर सगळ्यांना माहीत आहेत. शिकणाऱ्या बाईला घेरणं जास्त सोपं, कारण ‘तू अभ्यास कर, आम्ही बघतो’ हे वाक्य मायेने म्हणता येतं. माझ्याकडे कोणी तरुण सरपंच सल्ल्याला आली तर मी पहिली गोष्ट डोंगलची सांगते. हॉलतिकीट जसं स्वतःच्या पर्समध्ये ठेवतेस तसं डोंगल ठेव.

आता विद्यापीठाकडे वळते, कारण खरी जागा तिथे आहे.

मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत राष्ट्रीय सेवा योजनेचा स्वयंसेवक दोन वर्षांत २४० तास काम करतो, सात दिवसांच्या निवासी शिबिराला जातो. त्याला परीक्षेत १० गुणांपर्यंत सवलत मिळू शकते आणि शिबिराचे दिवस गैरहजेरीत धरले जात नाहीत. मी स्वतः ही शिबिरं जवळून पाहिली आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. सिमेंटच्या रिकाम्या गोणींत माती भरून पोरं ओहोळावर वनराई बंधारा घालतात, गाव त्यांना जेवू घालतं, फोटो निघतात. तो बंधारा कुठे घालायचा, जागा कोणाची, पाणी कोणाच्या मळ्यात साठणार, तिथल्या दोन भावांचं भांडण कोणी मिटवायचं, हे सगळं शिबिराच्या आधी महिनाभर पंचायतीच्या सदस्याने केलेलं असतं. ती सदस्य त्याच कॉलेजची विद्यार्थिनी असेल तर तिच्या वाट्याला काय येतं? ७५ टक्के हजेरी भरली नाही म्हणून नोटीस बोर्डावर नाव. खेळाडूला सामन्यासाठी सवलत आहे, एनसीसीच्या छात्राला परेडसाठी आहे. संविधानाने निर्माण केलेल्या संस्थेत लोकांनी मत देऊन पाठवलेल्या विद्यार्थ्यासाठी वेगळा रकाना नाही, आणि तो नसल्याचं कोणाच्या लक्षातही आलेलं नाही, कारण असे विद्यार्थी प्रत्येक कॉलेजात एखाददुसरेच असतात आणि ते गप्प राहतात.

मला हवाय तो हा रकाना. मासिक सभा, विशेष सभा आणि ग्रामसभा यांचे दिवस, पंचायतीच्या नोंदीवरून तपासून, हजेरीत धरावेत. वर्षाला सोळा-सतरा दिवस होतील, तेवढ्याने कोणाचा अभ्यास बुडत नाही. ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. यातल्या १ मेची ग्रामसभा सगळ्यात तापलेली असते, कारण तेव्हा टंचाई असते. तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात मे महिन्यात टँकर लागतो, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. आणि उन्हाळी सत्राच्या परीक्षा नेमक्या एप्रिल-मेमध्ये. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी आमची १ मेची ग्रामसभा दुपारी तीनपर्यंत चालली, पाण्यावरून लोक हमरीतुमरीवर आले होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझा पेपर होता. केटी लागली. अशा वेळी तो एक पेपर पुढच्या सत्रात, ‘नापास’ असा शिक्का न बसता देता यावा, एवढं विद्यापीठाला सहज करता येईल. आजारी विद्यार्थ्यासाठी काहीतरी वाट काढतातच.

नव्या शैक्षणिक धोरणाने तर दार उघडून ठेवलं आहे. पदवीला क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभागाला श्रेयांक, म्हणजे क्रेडिट आहेत, पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षात प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला चार श्रेयांक आहेत. विद्यार्थी बँकेत, पतपेढीत, एखाद्या रिसॉर्टच्या कार्यालयात जातात, तिथले कागद लावतात, प्रमाणपत्र आणतात. ते श्रेयांक मिळवायला पंचायत का चालू नये? आमच्या पंचायतीत नमुना १ ते ३३ अशी दप्तरं आहेत. मी नमुना ८ घेऊन बसले, म्हणजे घरपट्टीची आकारणी नोंदवही, आणि माझ्या प्रभागातली बंद घरं मोजली. एकेका घरावर चार भावांची नावं, दोघे मुंबईत, एक सुरतेला, एकाचा पत्ता कोणालाच ठाऊक नाही. घरपट्टीची मागणी कोणाच्या नावाने पाठवायची हेच ठरत नव्हतं, मग थकबाकी वाढणार नाही तर काय. वर्गात स्थानिक संस्थांच्या स्वतःच्या उत्पन्नावर दोन तास व्याख्यान ऐकलं होतं, त्यातलं मला तोवर काही नीट समजलं नव्हतं. त्या नोंदवहीवर मी वीस पानी प्रकल्प लिहिला. सरांनी तो छान आहे म्हणून ठेवून घेतला, गुणांमध्ये तो बसत नव्हता. पंचायतीने मात्र त्यावरून गणपतीच्या आठवड्यात वसुलीचं टेबल देवळाजवळ लावलं, कारण चौघांपैकी निदान दोघे भाऊ तेव्हा गावात असतात.

यात एक खबरदारी हवी. श्रेयांक पदाला मिळू नयेत, त्या कामावर केलेल्या लिखाणाला मिळावेत. नाहीतर कोकणात काय होईल ते उघड आहे. अनेक शिक्षणसंस्था राजकारणी मंडळींच्याच आहेत, आणि आपल्या गटाच्या सदस्याला घरबसल्या गुण देण्याची शाळा सुरू होईल. दुसऱ्या गटाच्या सदस्याला त्याच चौकटीत अडवलंही जाईल. प्रकल्प बाहेरच्या परीक्षकाने तपासावा, आणि विद्यार्थ्याने स्वतः मतदान केलेल्या ठरावांवर प्रकल्प लिहिला असेल तर ते पहिल्या पानावर लिहावं.

पीएच.डी.चं गणित थोडं निराळं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत अर्धवेळ पीएच.डी.ला परवानगी आहे, पण अर्ज करताना नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र मागितलं जातं. सदस्याचा मालक कोण? कागदावर कोणी नाही. त्या जागी ग्रामसभेचा ठराव जोडता यावा असं मला मनापासून वाटतं. मुदत सहा वर्षांची आहे, पंचायतीची पाच. पदावर असतानाच्या काळातला काही भाग मुदतीत धरू नये, एवढं केलं तर निभावेल.

डॉ. आंबेडकरांचं आणखी एक उदाहरण माझ्या मनात नेहमी येतं. त्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. ३१ जानेवारी १९२० ला त्यांनी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केलं आणि त्याच वर्षी अपुरं राहिलेलं शिक्षण पुरं करायला ते लंडनला गेले. पत्र दुसऱ्यांच्या हाती राहिलं, आणि ते परत येईपर्यंत १९२३ मध्ये बंद पडलं होतं. ते पद नव्हतं, निवडणूक नव्हती. तरीही इतक्या मोठ्या माणसालासुद्धा एका हातात शिक्षण धरताना दुसऱ्या हातातलं सोडावं लागलं. त्यांनी मिळवलेल्या पदव्यांचा देशाला किती उपयोग झाला ते आपण जाणतो. पण ही निवड दर वेळी दर तरुणावर लादावी का? तेव्हा लंडन बोटीने गाठावं लागत होतं. आज आमच्या विद्यार्थ्याला अडवतं ते तालुक्याचं अंतर आणि एक हजेरीपट.

अंतराचं दुखणं इथे जुनंच आहे. महर्षी कर्वे दापोलीजवळच्या मुरुडहून घाट चढून साताऱ्यापर्यंत परीक्षेला चालत गेले होते, आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. डिसेंबर २०२० मध्ये केरळात आर्या राजेंद्रन एकविसाव्या वर्षी तिरुवनंतपुरमच्या महापौर झाल्या, तेव्हा त्या बी.एस्सी.च्या विद्यार्थिनी होत्या. आमच्याकडे मुलींनी त्या बातमीची कात्रणं काढून ठेवली. पण त्यांचं कॉलेज आणि महापालिका एकाच शहरात. आमच्याकडे कॉलेज आणि पंचायत यांच्या मध्ये खाडी असते, पूल लांबून असतो, आणि पावसाळ्यात दरड आली की तोही रस्ता बंद. म्हणून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठासारखी सोय इथे फार मोलाची आहे. मात्र ‘तुम्ही मुक्त विद्यापीठात जा’ हे नियमित कॉलेजांनी हात झटकण्यासाठी म्हणू नये. ज्या मुलीला प्रयोगशाळा हवी, कोर्टाचा सराव हवा, वर्गात पाठ घ्यायचे आहेत, तिला घरी पोचलेल्या पुस्तकांवर भागवा असं सांगता येत नाही.

एका गोष्टीचं मला फार वाईट वाटतं. २०१७ मध्ये सरकारने थेट सरपंच निवडणुकीसोबत अट घातली की १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेला उमेदवार किमान सातवी उत्तीर्ण असावा. मला असल्या अटी पटत नाहीत. आमच्या वाडीतला न शिकलेला माणूसही कुठला झरा मेपर्यंत टिकतो ते सांगू शकतो, आणि पंचायतीला ते कळायला हवं असतं. पण अट घालणाऱ्यांचा विचार मान्य केला, शिक्षणाने पंचायत सुधारते हे खरं धरलं, तर मग निवडून आल्यावर जी शिकते आहे तिच्यासाठी त्याच सरकारने आणि त्याच विद्यापीठाने काय केलं? उंबरठ्यावर शिक्षण विचारायचं आणि आत आल्यावर शिकणं अशक्य करायचं, हे एकाच राज्यात चालू आहे.

एम.ए. मला दोन वर्षं उशिरा मिळालं. त्याची मला खंत नाही. खंत त्या सहीची आहे.

गेल्या आठवड्यात शेजारच्या गावची एक मुलगी आली होती. बी.एड.च्या पहिल्या वर्षाला आहे, तिच्या प्रभागात महिला राखीव जागा आली आहे, घरचे तयार आहेत, कॉलेज नाही. बी.एड.ला हजेरी ८० टक्के लागते, शाळेतल्या आंतरवासितेला, म्हणजे प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावाला, ९० टक्के. आम्ही ओटीवर दोन वर्षांची वेळापत्रकं पसरून बसलो. मासिक सभांचे दिवस एका रंगाने, तिचे पाठ आणि परीक्षा दुसऱ्या रंगाने. बाकीचं जमत होतं. अडत होती ती आंतरवासिता, कारण तिला दिलेली शाळा पस्तीस किलोमीटरवर. तिच्या गावात माध्यमिक शाळा आहे, आंतरवासिता तिथे मिळाली तर शाळा सुटल्यावर ती पंचायतीत पोचू शकते, सभा दुपारी ठेवली तर. सभेची वेळ निवडणुकीनंतर सगळ्या सदस्यांशी बोलून ठरवता येईल, गावातल्या बायकांनाही दुपार बरी पडते. शाळा मात्र आत्ताच मागायला हवी.

तिने प्राचार्यांना अर्ज लिहून आणला होता. ‘कृपा करून सवलत द्यावी’ असं त्यात तीनदा होतं. मी तिन्ही ठिकाणी ते खोडलं, आणि त्या जागी वर्षभराच्या सभांच्या तारखा लिहायला सांगितल्या.